बकरा ते बोरात: लोकांना गंडवणारा माणूस सिनेमात टिकतो कसा?

स्लो लोकल:

मागे एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं होतं की प्रँकवाल्यांना अभिनय येत नाही, नुसता आचरटपणा करतात आणि नशिबाने सिनेमात घुसतात. तेव्हा गप्प बसलो. आज रविवार, मेगाब्लॉक, कुठे जाता येत नाही. म्हणून हा धागा.

माझा साक्षीदार साशा बॅरन कोहेन. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: जन्म १९७१, लंडन. केंब्रिजला इतिहास शिकला. फिलिप गोलिए या फ्रेंच गुरूकडे विदूषकी शिकला. १९९८ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोरवर रात्री उशिरा लागणाऱ्या एका कार्यक्रमात 'अली जी' म्हणून आला. अंगात ट्रॅकसूट, डोळ्यांवर रंगीत चष्मा, गळ्यात जाड साखळ्या. हा अली जी राहतो लंडनजवळच्या स्टेन्समध्ये, म्हणजे अगदी झोपाळू उपनगर, पण बोलणं असं की बदलापुरात राहून डोंगरी आपल्याच बापाची असल्यासारखं. २००० मध्ये याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि २००३ पासून तो अमेरिकेत एचबीओवर गेला.

मुलाखती मिळवायची पद्धत बघा. तरुणांसाठी माहितीपर कार्यक्रम आहे असं सांगून मोठ्या लोकांची वेळ घ्यायची. खोलीत दोघे शिरणार: एक सुटाबुटातला आणि मागे हा, हातात सामान. पाहुण्याची समजूत, मुलाखत सूटवाला घेणार आणि हा युनिटचा पोऱ्या. कॅमेरा सुरू होताना पोऱ्याच समोरच्या खुर्चीत येऊन बसणार. मग उठून जाणं बरं दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस बुत्रोस-घाली बसले, भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की बसले, चंद्रावर जाऊन आलेला बझ ऑल्ड्रिन बसला. डोनाल्ड ट्रम्पला आइस्क्रीम हातावर ओघळू नये म्हणून हातमोजे विकायची कल्पना ऐकवली, तो मात्र लवकर उठून गेला. (त्या माणसाबद्दल एवढी एकच गोष्ट मी आदराने सांगतो.)

२००२ मध्ये अली जीवर पूर्ण लिहिलेला सिनेमा निघाला. त्यात तो खासदार होतो. ठीकठाक. कारण समोरचे सगळे नट होते, कुणालाच धक्का बसत नव्हता. २००६ च्या 'बोरात'मध्ये मात्र कझाकस्तानचा पत्रकार बनून अमेरिकाभर खऱ्या माणसांना भेटत फिरला आणि बार उडाला. अमेरिकेत पहिल्या आठवड्याला फक्त ८३७ थिएटरं मिळाली होती, तरी तो पहिल्या क्रमांकावर.

आता माझं म्हणणं. टीव्हीवरून सिनेमात जाणं याला आपण बढती समजतो. प्रँकवाल्याच्या बाबतीत ती बढती नसते, मजबुरी असते. चेहरा प्रसिद्ध झाला की धंदा बसला. त्यानंतर ज्याच्याकडे सोंग टिकवायचं कसब असतं तो नट होतो, बाकीचे सूत्रसंचालक होतात. मतं येऊ द्या.

---

अर्धा कप:

पहिला! वाचून मग लिहितो.

---

खोताची वाडी:

साशा राहू द्या बाजूला, आमचा सायरस ब्रोचा कुठाय? 'एमटीव्ही बकरा' बघायला आम्ही क्लास बुडवायचो. इंग्रजाळलेला साउथ बॉम्बेचा पोरगा, रस्त्यावरच्या माणसाला काहीतरी अशक्य सांगणार, तो माणूस चिडणार, आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून सांगणार की तुमचा बकरा झालाय. पुढे त्याने राजकीय टवाळीचा कार्यक्रम किती वर्षं चालवला. सिनेमेही केले. तुमच्या हिशेबाने तो 'बाकीच्यां'त का?

---

स्लो लोकल:

खोताची वाडी, तो बाकीच्यांत नाही, पण फरक आहे. सायरसची गंमत ही की तो कायम सायरसच असायचा. दाढी लावली, टोपी घातली तरी आतला सायरस 'अरे बावा' करत बाहेर डोकावायचा आणि तेच आपल्याला आवडायचं. २००९ चा '९९' बघा. त्यात तो आणि कुणाल खेमू सट्टेबाजीच्या भानगडीत अडकलेले दोन छोटे चोर आहेत. मजा येते, पण झारामुड या त्याच्या पात्रात दिसतो सायरसच. त्याच वर्षीच्या 'फ्रूट अँड नट'मध्येही तेच. सिनेमा वाईट की चांगला हा वेगळा धागा होईल. उलट अली जी, बोरात आणि ब्रूनो (साशाचं तिसरं सोंग, ऑस्ट्रियन फॅशनवाला) एकाच माणसाने केलेत हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटतच नाही.

---

खोताची वाडी:

'९९'मधल्या सायरसला नावं ठेवणाऱ्याच्या घरी मी चहा पिणार नाही. बाकी मुद्दा मान्य.

---

तिसरी घंटा:

धागा आवडला. गोलिएचं नाव घेतलंत म्हणून लिहिते. त्याच्या शाळेत शिकलेल्यांकडून जे ऐकायला मिळतं ते असं: विदूषकाने पहिली गोष्ट शिकायची ती फजिती सहन करणं. विनोद पडला, समोर शांतता आहे, आणि तुम्ही तरीही त्या शांततेत उभे आहात. नटाला सगळ्यात जास्त भीती याचीच असते. आपल्याकडे एकांकिका स्पर्धांत मुलं हशा आला नाही की लगेच पुढच्या वाक्याला धावतात. विंगेतून बघताना ओरडावंसं वाटतं, 'अरे थांब, जागा घे!'

बोरात काय करतो? समोरचा अवघडून गप्प झाला की हा आणखी गप्प बसतो. मग समोरच्याला ती शांतता सोसवत नाही आणि तो स्वतःच काहीतरी भयंकर बोलून जातो. म्हणजे हशा मिळवणारं वाक्य याचं नसतंच, समोरच्याचं असतं. याने फक्त जागा करून दिलेली असते. याला मी ऐकण्याचा अभिनय म्हणेन, आणि सिनेमाच्या कॅमेऱ्याला नेमका तोच लागतो.

आता जरा घरचं. दादा कोंडके. १९६५ च्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये वसंत सबनीसांची संहिता होती, पण दादा त्यात रोज प्रेक्षक बघून, पेपर वाचून भर घालायचे. तमाशातल्या बतावणीची रीतच ती, सोंगाड्याने हजरजबाबी असायलाच हवं. ते बघून भालजी पेंढारकरांनी त्यांना १९६९ च्या 'तांबडी माती'त घेतलं आणि १९७१ मध्ये 'सोंगाड्या' आला. टीव्हीही नव्हता आणि प्रँकही नव्हती, पण न लिहिलेल्या वाक्यांवर कमावलेला माणूस लिहिलेल्या वाक्यांत कसा बसतो हा प्रश्न तोच आहे.

---

पुष्पक:

तिसरी घंटा यांना दंडवत. वाचनखूण साठवली.

---

आजीचा बटवा:

सगळे कौतुकात बुडालेत म्हणून मी जरा मीठ टाकते. हे सगळं हसू कुणाच्या जिवावर? ट्रम्प वगैरे ठीक आहे, ते पुरून उरतात. पण 'बोरात'मधलं ते 'कझाकस्तानी' गाव प्रत्यक्षात रुमानियातलं ग्लोड नावाचं गरीब खेडं. माणसं तिथलीच. त्यांना काय चाललंय हे कळलं नाही असं त्यांनी नंतर सांगितलं, कोर्टातही गेले, काही निष्पन्न झालं नाही. गरिबाला मागासलेला दाखवून श्रीमंत देशातल्या लोकांनी हसायचं, यात मला कला दिसत नाही. आपल्या रस्त्यावरच्या प्रँकमध्येही बळी कोण असतो? वॉचमन, भाजीवाली, रिक्षावाला. मलबार हिलच्या बंगल्यात जाऊन कुणाचा बकरा केलेला दाखवा.

---

स्लो लोकल:

बटवाताई, ग्लोडबद्दल माझ्याकडे बचाव नाही. तो भाग मलाही बघवत नाही.

एक मात्र सांगतो. साशाची चांगली कामं ती, ज्यात समोरचा त्याच्याहून ताकदवान आहे. ब्रिटिश मजूर पक्षाचे टोनी बेन यांची अली जीने घेतलेली मुलाखत शोधून बघा. म्हाताऱ्याला हा कोण आहे हे ठाऊक नाही, पण तो भडकत नाही, आब सोडत नाही. कामगार, संप, बायकांचा मान या सगळ्यावर त्या 'गुंडा'शी खरोखर वाद घालतो, त्याला सुनावतो. त्या दिवशी बकरा अली जीचा झाला आणि तरीही ते दाखवलं गेलं. हे मला महत्त्वाचं वाटतं.

---

विक्षिप्त वकील:

कोर्टाचा विषय निघाला म्हणून. 'बोरात'नंतर अमेरिकेत बरेच दावे पडले. ड्रायव्हिंग शिकवणारे एक गृहस्थही त्यात होते. बहुतेक दावे एकाच कारणाने उडाले: सगळ्यांनी चित्रीकरणाआधी संमतिपत्रावर सह्या केल्या होत्या. मजकूर कुणी नीट वाचला नव्हता. त्यात 'माहितीपटासारखा चित्रपट' अशा थाटाची मोघम शब्दरचना होती आणि न्यायालयाने ती पुरेशी धरली. पाचशे रुपयांचा चेक हातात आला की माणूस कागद वाचत नाही, हे न्यूयॉर्कलाही खरं आणि भायखळ्यालाही.

त्यामुळे मला विचाराल तर या माणसाच्या यशात गोलिएइतकाच वाटा त्याच्या वकिलांचा आहे. धंद्याला जागून बोलतोय, चूभूद्याघ्या.

---

प्रॉडक्शनवाली:

वाचनमात्र होते, आता राहवत नाही. काही काळ एका चॅनेलच्या हिडन कॅमेरा शोवर असिस्टंट होते. नाव घेत नाही, पेमेंट नव्वद दिवसांनी म्हणाले होते आणि ते नव्वद दिवस अजून चालू आहेत.

मुंबईत हे काम म्हणजे वैताग. पहिला शत्रू बघ्यांची गर्दी. कॅमेरा काळ्या काचेच्या टेम्पोत असो की समोरच्या दुकानाच्या गल्ल्यामागे, पाच मिनिटांत कुणीतरी पोरगा काचेला नाक लावून आत बघणारच. दुसरा शत्रू आवाज. आर्टिस्टच्या शर्टाच्या आत लेपल माइक चिकटवलेला असतो, तो घासतो. मागून बेस्टची बस हॉर्न मारत गेली की सगळ्यात भारी वाक्य गेलं. आणि रीटेक नाही! माणूस एकदाच फसतो. सिनेमाच्या सेटवर आल्यावर मला पहिले काही दिवस समजेचना की लोक तीच ओळ चौदा वेळा का म्हणतायत.

तिसरा शत्रू म्हणजे आमचंच यश. असे शो इतके झाले की जरा काही विचित्र घडलं की मुंबईकर पहिलं विचारतो, 'कॅमेरा किधर है?' तेव्हा आर्टिस्टने डोळा न लववता 'कसला कॅमेरा?' म्हणायचं. तिथे नव्वद टक्के पोरं फुटायची, ओठाचा कोपरा हलायचाच. जो फुटायचा नाही त्याला आम्ही सोन्यासारखा जपायचो. सगळं झाल्यावर रिलीज फॉर्म, म्हणजे संमतिपत्र, घेऊन मी धावणार. लोक हसत सही करतात हा गैरसमज आहे. अर्धे शिव्या घालतात. सही नाही तर चेहरा पुसट करा नाहीतर तुकडा फेकून द्या. आमचा असाच एक आर्टिस्ट पुढे मालिकांत गेला आणि तिथे त्याची ख्याती एकच: समोरच्याने ओळ चुकवली तरी हा भूमिकेतून बाहेर येत नाही.

---

अर्धा कप:

वाचून झालं. हसून हसून पुरेवाट, 'नव्वद दिवस अजून चालू आहेत'! सगळी इंडस्ट्री या एका वाक्यात आली.

'चेहरा प्रसिद्ध झाला की धंदा बसला' याला एक जबरी पुरावा देतो. छुप्या कॅमेऱ्याचा आद्यपुरुष ॲलन फंट. १९४७ मध्ये रेडिओवर सुरुवात, १९४८ मध्ये टीव्हीवर, पुढे तो 'कँडिड कॅमेरा' म्हणून अमेरिकेत घराघरांत पोचला. फेब्रुवारी १९६९ मध्ये हा न्यूअर्कहून मायामीला चाललेला असताना विमानाचं अपहरण झालं, खरंखुरं, आणि ते क्यूबाला नेलं. काही प्रवाशांनी फंटला ओळखलं आणि त्यांची खात्रीच पटली की हे सगळं शूटिंग आहे. फंट बिचारा जीव तोडून सांगतोय की नाही हो, आणि लोक हसतायत!

---

पुष्पक:

=)) =)) हे खरं आहे? आत्ता शोधलं. खरं आहे!!

---

स्लो लोकल:

अर्धा कप, जियो. हेच मला म्हणायचं होतं.

साशाचं तेच झालं. २००७ च्या अखेरीस त्याने जाहीर केलं की अली जी आणि बोरात आता बंद, कारण जो तो ओळखतो. २०२० मध्ये बोरात परत आला तेव्हा ही अडचणच त्याने कथेत घातली. बोरात अमेरिकेत उतरतो आणि लोक सही मागायला मागे धावतात. मग त्याला वेगवेगळी सोंगं घ्यावी लागतात आणि अर्धं काम बोरातची मुलगी बनलेली बल्गेरियाची मारिया बाकालोव्हा करते, कारण तिला कुणी ओळखत नाही. तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. त्याच वर्षी साशालाही मिळालं, पण प्रँकसाठी नाही. 'द ट्रायल ऑफ द शिकागो ७'मधल्या ॲबी हॉफमन या युद्धविरोधी कार्यकर्त्यासाठी, सरळ गंभीर भूमिकेला. (बोरातच्या पटकथेलाही होतं, पण ते लेखनाचं, भल्यामोठ्या चमूसह.)

मधल्या काळातले सिनेमे बघा. टिम बर्टनच्या 'स्वीनी टॉड'मध्ये गाणारा भोंदू न्हावी. स्कॉर्सेसीच्या 'ह्यूगो'त पायाला लोखंडी पट्टी बांधलेला स्टेशन इन्स्पेक्टर. 'ले मिझेराब्ल'मध्ये ठग खानावळवाला, आणि तिथे गाणी आधी रेकॉर्ड न करता सेटवर थेट गाऊन घेतली होती. एकालाही नायक म्हणता येणार नाही, पण सगळे लक्षात राहतात. २०१९ च्या 'द स्पाय' मालिकेत तर त्याने खरा हेर उभा केला. इस्रायलचा एली कोहेन, ज्याने दमास्कसमध्ये वर्षानुवर्षं दुसऱ्याच नावाने श्रीमंत व्यापारी म्हणून दिवस काढले आणि पकडला गेल्यावर १९६५ मध्ये फाशी गेला. सोंग उघडं पडलं तर जीव जाणार अशा माणसाची भूमिका! ती त्याच्याकडेच जायला हवी होती.

---

खोताची वाडी:

पारशी कनेक्शन कुणी सांगितलंच नाही म्हणून सांगतो. 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आपला फारोख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला. त्याच्यावरच्या सिनेमात आधी साशाच फ्रेडी होणार होता. २०१० मध्ये जाहीर झालं, २०१३ मध्ये तो बाहेर पडला. शेवटी रामी मलेकने केला आणि ऑस्कर घेतलं. सिनेमा कसा असावा यावरच बँडवाल्यांशी जमलं नाही म्हणतात. मला तरी वाटतं बरं झालं. साशाला मिशी लावली की बोरातच दिसला असता. म्हणजे स्लो लोकल, तुमचा सिद्धान्त पूर्ण नाही. प्रँकचा चेहरा सिनेमातही पाठ सोडत नाही.

---

तिसरी घंटा:

हा मुद्दा बिनतोड आहे. लक्ष्याचं तेच झालं. गंभीर भूमिकेत दिसला तरी थिएटरात आधीच खसखस.

---

पुष्पक:

मग आपल्या हास्यजत्रा आणि हवा येऊ द्या वाल्यांचं काय? भाऊ कदम, गौरव मोरे, वनिता खरात? वनिता तर 'कबीर सिंग'मध्ये अगदी थोडा वेळ दिसली, पण ग्लास फोडून पळताना अख्ख्या देशाच्या लक्षात राहिली.

---

प्रॉडक्शनवाली:

ती प्रहसनं झाली, पुष्पक. तिथे समोरचा सहकलाकार असतो आणि तालीम झालेली असते. गुणी माणसं आहेत सगळी, पण त्यांची अडचण उलटी. दर आठवड्याला नवं पात्र करून करून सिनेमात गेल्यावर लोक म्हणतात, 'स्किट चालू आहे.' दोन तास एकच माणूस राहायची सवय मोडलेली असते. साशा बोरात म्हणून आख्खे दिवस काढायचा. २०२० च्या वेळी दोन अनोळखी माणसांच्या घरी मुक्काम ठोकून पाच दिवस उठता बसता बोरातच होता. सकाळी चहा पितानासुद्धा. हे मी नाही करू शकणार बाबा, मला सकाळी मीच व्हायला अर्धा तास लागतो.

---

आजीचा बटवा:

मी अजून माझ्या मतावर आहे, पण टोनी बेनची मुलाखत बघितली. आवडली. म्हातारा भारी.

आणि तुम्ही सगळे एवढे परदेशी दाखले देताय, बहुरूपी विसरलात का? माझ्या लहानपणी परळच्या आमच्या चाळीत यायचे. खाकी कपडे, हातात काठी, दार वाजवून 'चला, वॉरंट आहे!' आई एकदा खरंच घाबरली होती. मग तोच हसून हात जोडायचा, कवनं म्हणायचा, चार आणे घेऊन पुढच्या दाराला. फसवणूक घडीभराची, फसलेल्याच्या समोरच सोंग उतरवायचं आणि दक्षिणा त्याच्याकडूनच घ्यायची. आवडलं नाही तर देऊ नका. तुमच्या रिलीज फॉर्मपेक्षा हा करार मला जास्त सरळ वाटतो.

---

विक्षिप्त वकील:

बटवाताई, तोंडी करार, तात्काळ मोबदला, दोन्ही पक्ष खूश. आम्हाला उपाशी मारणार तुम्ही.

---

तिसरी घंटा:

बहुरूप्यांवर वेगळा धागा हवा. त्यांच्यातले किती जण तमाशाच्या फडांत किंवा सिनेमात गेले हे कुणाला ठाऊक आहे का? बटवाताई, तुम्हीच काढा, ती कवनं आठवत असतील तर तीही लिहा.

---

अर्धा कप:

जाता जाता एक शंका. 'बोरात' आईबाबांबरोबर बघावा का? दोघेही मोकळ्या विचारांचे आहेत.

---

स्लो लोकल:

अर्धा कप, नाही. कितीही मोकळे असोत, नाही. हॉटेलमधली ती मारामारी सुरू झाल्यावर घरात कुणाकडे बघायचं हेच कळणार नाही. 'ह्यूगो' लावा.